वाचकांचे प्रश्न : जहाजाला आपली नौका दिसते का?

प्रश्न : मोबाइलच्या ॲपवर आसपासची मोठी जहाजं दिसतात. मग ट्रॉलरवर एआयएस, म्हणजे आपली जागा आसपासच्या जहाजांना आपोआप कळवणारं यंत्र, कशाला बसवायचं?

उत्तर : ॲपवर जहाज तुम्हाला दिसतं, तुम्ही जहाजाला दिसत नाही. ॲपची माहिती बहुधा किनाऱ्यावरच्या केंद्रांकडून इंटरनेटवरून येते. ती काही मिनिटं जुनी असू शकते. १८ नॉटचं (ताशी १८ सागरी मैल वेगाचं) जहाज आणि ६ नॉटची नौका समोरासमोर असतील, तर ६ सागरी मैल १५ मिनिटांत संपतात. उपग्रहावरून निरोप पाठवणारा ट्रान्सपॉन्डरही टकरीसाठी उपयोगाचा नाही, कारण त्याचा संदेश किनाऱ्याला जातो, शेजारच्या जहाजाला नाही. एआयएस मात्र व्हीएचएफवर (नौकांवरच्या रेडिओच्या लहरींवर) थेट आसपासच्या जहाजांना तुमची जागा, वेग आणि दिशा कळवतं.

लहान नौकांसाठीचं एआयएस, म्हणजे क्लास बी यंत्र, २ वॅट किंवा ५ वॅटचं मिळतं. परवडत असेल तर ५ वॅटचंच घ्या. ते संदेशाची वेळ आधीच राखून ठेवतं. २ वॅटचं यंत्र मोकळी वेळ मिळेपर्यंत थांबतं, त्यामुळे गर्दीच्या पाण्यात त्याचे संदेश चुकतात. दोन्हींत एक मोठी त्रुटी आहे : एरवी ३० सेकंदांनी जाणारा संदेश, वेग २ नॉटखाली गेला की ३ मिनिटांनी एकदाच जातो. जाळं टाकून वाहत असता तेव्हा नेमकं हेच होतं. म्हणून त्या वेळी मासेमारीचे दिवे लावलेले हवेत आणि व्हीएचएफ चॅनेल १६ वर (हाका आणि संकटाच्या निरोपांसाठीच्या चॅनेलवर) कान हवा.

प्रश्न : एआयएस यंत्र आहे, पण जहाजं दोन-तीन मैलांवर आल्यावरच दिसतात.

उत्तर : आधी अँटेना तपासा. ती लोखंडी खांबाला चिकटून नको, जितकी उंच तितकी बरी. कनेक्टर उघडून पाहा. तांबं हिरवं पडलं असेल तर केबल कापून नवा कनेक्टर लावा आणि वर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप गुंडाळा. सगळं नीट असेल तर मोठं जहाज साधारण १५ मैलांवरून दिसायला हवं.

प्रश्न : पडद्यावर सीपीए, म्हणजे सर्वांत कमी अंतर, पाव मैल येतं. पुरेसं आहे?

उत्तर : नाही. हे अंतर दोन्हींकडच्या जीपीएस अँटेनांमधलं असतं. ३०० मीटरच्या जहाजाचा ब्रिज (जहाज चालवण्याची खोली) आणि त्यावरची अँटेना मागे असेल, तर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, अँटेनाच्या २०० मीटरहून अधिक पुढे असू शकते. खुल्या समुद्रात अलार्म सीपीए १ मैल आणि तिथे पोहोचायला उरलेला वेळ २० मिनिटं यावर ठेवा. शिवाय होकायंत्रावर जहाजाची दिशा घेत राहा. अंतर घटतंय आणि दिशा जवळपास बदलत नाही, तर टकरीचा धोका आहे, पडद्यावरचा आकडा काहीही असो. ज्या नौकेवर एआयएस नाही, ती पडद्यावर येतच नाही. रात्री एक खलाशी पहाऱ्याला हवाच.