हेझिटेट म्हणजे लाजणं का? वाक्यात कसा वापरायचा?

तुम्ही विचारलंय हेझिटेट म्हणजे लाजणं का. नाही हो, लाज हे कारण झालं. हेझिटेट म्हणजे करायच्या आधी कचरणं, 'करू का नको' करत थांबणं, मग ते लाजेनं असू दे, भीतीनं असू दे नाहीतर नुसतं ठरत नाही म्हणून. मूळ लॅटिन आहे, चिकटून राहणं असा अर्थ, ॲडहेसिव्ह पण त्याच घरातला.

मी इथं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचं बघतो, त्यामुळं 'प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट अस' हे रोजचंच, म्हणजे काही लागलं तर बिनधास्त विचारा. यात टू नंतर साधं क्रियापद येतं. 'हेझिटेट टू आस्क' बरोबर, 'हेझिटेट फॉर आस्किंग' चूक, पण आपल्याकडं लई जण तसंच लिहितात. पुढं नाम असेल तर ओव्हर किंवा अबाउट, जसं 'ही हेझिटेटेड ओव्हर द प्राइस', भावावरून अडला.

खरी गंमत पुढं आहे. बाहेरच्या पार्टीनं 'आय हेझिटेट टू कॉल इट अ डिफेक्ट, बट...' असं लिहिलं ना, तर समजून जायचं की त्याला डिफेक्टच म्हणायचंय, फक्त तोंडावर बोलायचं नाहीये, मग आपण 'बरं झालं, नाही म्हणाला' म्हणून निवांत बसलो की संपलं, पेमेंट अडकतंय.

रिलक्टंटमध्ये मात्र गल्लत करू नका. रिलक्टंट म्हणजे मनातूनच नको असणं, करेल पण नाराजीनं. हेझिटंटला अजून ठरलेलं नसतं. अर्थात ही रेघ इंग्रजीत पण एवढी पक्की नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये जगाच्या आरोग्याला असलेल्या दहा धोक्यांत 'व्हॅक्सिन हेझिटन्सी' घातली होती, आणि त्यात लस उपलब्ध असून पुढं ढकलणारे पण आले आणि सरळ नको म्हणणारे पण.

आणि एक, जेवताना पाहुण्याला शेंगाचटणी वाढत 'डोन्ट हेझिटेट' म्हणतात आपल्यात, चूक नाही, पण ते जरा ऑफिसच्या मेलसारखं वाटतं. तिथं 'हेल्प युवरसेल्फ' नाहीतर 'डोन्ट बी शाय' म्हणा, 'लाजू नका, घ्या' ला तेच बसतं. उच्चार झाडातल्या झ चा करा, हेजिटेट नको.