फाइल सर्व्हर भरलाय, बॅकअप संपत नाही. जुन्या फाइली क्लाउडमध्ये टाकू का?

चाकणच्या तुमच्या कारखान्यात ९ टीबीचा फाइल सर्व्हर आहे आणि शुक्रवारी रात्री लावलेला फुल बॅकअप, म्हणजे सगळ्या फाइलींची नव्याने प्रत, सोमवारी सकाळीही चालूच असतो, असं तुम्ही लिहिलंय. जुन्या फाइली क्लाउडवर हलवून सुटका होईल. पण डिस्क वाचेल म्हणून नाही, डिस्क काय आणखी एक घेता येते. कोणी उघडतही नाही अशा २०१४ सालच्या ड्रॉइंगची आपण दर शनिवारी नव्याने प्रत काढत बसतो, ते थांबेल.

मी भोसरीत एका टूलरूमचा सर्व्हर सांभाळतो. ६ टीबीपैकी जवळपास ४ टीबी बंद पडलेल्या प्रोजेक्टचे निघाले. ते हलवल्यापासून फुल बॅकअप शनिवारी दुपारच्या चहाला उरकलेला असतो. उद्या सर्व्हर बसलाच तर ६ ऐवजी २ टीबीच परत चढवायचे, हा फायदा तर मला नंतर उमगला.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्याकडेही कॅडवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारे, आहेत. मी ‘तीन वर्षांत बदल नाही’ एवढीच चाळणी लावली. नट-बोल्ट, डॉवेल पिन, गाइड बुशची स्टँडर्ड लायब्ररी वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही, वापरतात मात्र रोज! तीही गेली वर. सोमवारी डिझाइनवाल्यांनी असेंब्ली उघडली तर निम्मे पार्ट गायब. फाइली अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशिअर डीप आर्काइव्हमध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या स्वस्त क्लाउड गोदामात, आणि तिथून परत मागवायला १२ तासांपर्यंत लागतात. त्या दिवशी मी कँटीनकडे फिरकलोच नाही.

शेवटचं कधी उघडलं ती तारीख बघावी म्हणाल, तर विंडोज सर्व्हरवर ती नोंद सहसा बंदच असते. म्हणून आता मी तारखेवर जात नाही. कोणता प्रोजेक्ट बंद झाला ते डिझाइनचे साहेब सांगतात. मग तो फोल्डर महिनाभर सर्व्हरवरच वेगळ्या जागी लपवून ठेवतो. कोणी ओरडलं नाही, तरच वर पाठवतो.

पाठवताना प्रोजेक्टची एकच झिप करा आणि आतल्या फाइलींची यादी आपल्याकडे ठेवा. डीप आर्काइव्ह प्रत्येक फाइलमागे ४० केबी जादा धरतं, लाखभर बारक्या फाइली महागात पडतात. १८० दिवसांच्या आत तिथून पुसलं तरी पूर्ण १८० दिवसांचे पैसे लागतात, परत मागवायचे वेगळे. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १ टीबी चढायला सलग २२ तास तरी धरा. आम्ही रात्रीच चढवायचो.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर फाइल सिंकसारखा प्रकार घेतलात तर जुनी फाइल क्लाउडमध्ये जाते, पण तिचं नाव सर्व्हरवर दिसत राहतं आणि उघडली की ती खाली येते, लोकांना सोयीचं. पण जुन्या धाटणीचं बॅकअप सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल वाचायला जातं आणि सगळं पुन्हा खाली ओढतं. ते आधी तपासा.

आणि सर्व्हरवरून फाइल पुसली की क्लाउडमधली प्रत एकुलती एक उरते. आम्ही दुसरी प्रत एका यूएसबी डिस्कवर काढून अकाउंट्सच्या लोखंडी कपाटात ठेवलीय. चावी माझ्याकडे नाही, ते बरंच आहे.