शेतातले ठसे बिबट्याचे की कुत्र्याचे, आणि एकच आहे की दोन, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की उसाला पाणी दिल्यावर सरीत गोल ठसे दिसले, नखं उमटलेली नाहीत, शेजारचे म्हणतात कुत्रंच आहे. मी जुन्नरकडचा, रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं म्हणजे हा प्रश्न आमच्याकडे रोजचाच.

नखांचं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, बिबट्या चालताना नखं आत घेतो, कुत्रा, कोल्हा, लांडगा यांची बाहेरच राहतात. पण नुसत्या नखांवर जाऊ नका. निसरड्या चिखलात बिबट्यापण नखं रोवतो, आणि जमीन कडक असेल तर कुत्र्याची नखं उमटतच नाहीत. त्यापेक्षा मागची गादी बघा, म्हणजे बोटांच्या मागे उमटणारा तळव्याचा मोठा भाग. बिबट्याची गादी बोटांच्या मानाने चांगली मोठी, मागच्या कडेला तीन फुगवटे, आणि चार बोटांपैकी एक जरा पुढे, आपल्या मधल्या बोटासारखं. कुत्र्याची गादी लहान, तिकोनी, मधली दोन बोटं जोडीनं पुढे आणि ठसा रुंदीपेक्षा लांब. मापाचं म्हणाल तर बिबट्याचा ठसा साधारण सात-आठ सेंटीमीटर, रानमांजराचा त्याच्या निम्मा, पण ओल्या मातीत ठसा पसरतो, त्यामुळे माप शेवटी.

आता एक की दोन. आमच्या बांधावर एकदा मोठे आणि छोटे ठसे सोबत दिसले, मादी पिल्लू घेऊन आली म्हणून सगळी वस्ती जागी, मी पण काठी घेऊन बसलो होतो. सकाळी नीट बघितलं तर नखं होती आणि ते तरस निघालं! तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा बराच मोठा असतो, एकाच जनावराचे ठसे दोघांचे वाटतात. आणि ठशांवरून नेमका आकडा सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका, पूर्वी वाघ असेच मोजायचे, 2005 च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता, मग कॅमेरा ट्रॅप आले, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे.

फोटो काढताना मापाचा अंदाज यावा म्हणून ठशाशेजारी काडीपेटी ठेवा आणि अगदी वरून काढा, तिरका नको. माग काढत फडात शिरू नका. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा आणि वनरक्षक येईपर्यंत चांगल्या ठशावर घमेलं पालथं घालून ठेवा, नाहीतर बघायला आलेली मंडळीच तो तुडवतात.