विंडोज, मॅक आणि लिनक्स यांपैकी कोणती सिस्टिम खरोखर आपल्याला हवी तशी बदलून घेता येते? की हे सगळं फक्त हौशी लोकांसाठी असतं?

लिनक्स, आणि त्यावर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप, म्हणजे विंडो, बटणं, पॅनेल असं समोर दिसणारं सगळं दाखवणारा प्रोग्रॅम. बाकी दोघं या बाबतीत जवळपासही येत नाहीत.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. आमचा दादा वर्षानुवर्षं हेच म्हणत आलाय: कंपनीने विचार करूनच दिलेलं असतं, उगाच बोटं घालू नयेत.

तीन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, माउस डाव्या हातात. सवय नसल्याने बाण थरथरायचा. विंडो बंद करायची वरच्या उजव्या कोपऱ्यातली इवलीशी फुली गाठायला जावं, तर शेजारचं मॅक्सिमाइज दाबलं जायचं. दिवसभर हेच झालं की रडू यायचं बाकी राहतं. तिसऱ्या दिवशी प्लाझ्माच्या सेटिंग्जमधलं विंडो डेकोरेशन्स उघडलं. तिथे टायटल बारचं, म्हणजे विंडोच्या वरच्या पट्टीचं, चित्रच असतं. त्यातली फुली उचलून डाव्या टोकाला ठेवली, बाकीची बटणं तिच्यापासून लांब नेली, सगळ्यांचा आकार वाढवला. विंडोची कड जाड केली, म्हणजे लहानमोठी करताना ती हाताला लागते. पॅनेल, म्हणजे टास्कबारसारखी पट्टी, डाव्या बाजूला उभं केलं. एकही कमांड द्यावी लागली नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम सुरळीत सुरू झालं.

मॅकवर विंडोची ती तीन रंगीत बटणं डावीकडेच असतात आणि तिथून हलत नाहीत. डॉक, म्हणजे अॅप्सच्या आयकॉन्सची पट्टी, खाली किंवा बाजूंना जातो, वर जात नाही. २०१५ च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून सिस्टिमच्या फाइल्सना रूट युजरलाही, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यालाही, हात लावता येत नाही. ते संरक्षण काढायचं तर मशिन रिकव्हरी मोडमध्ये सुरू करावं लागतं. विंडोजवर विंडोज ९५ पासून टास्कबार चारही कडांना नेता यायचा. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा तो खाली खिळलेला होता. तिथे सोय कंपनी देते आणि कंपनीच काढून घेते. लिनक्समध्ये डेस्कटॉप हा मुळात वेगळा प्रोग्रॅम असतो. प्लाझ्मा, नोम, एक्सएफसीई असे वेगवेगळे डेस्कटॉप एकाच मशिनवर ठेवा आणि लॉगिन करताना हवा तो निवडा.

हो, स्टिकी कीज (शॉर्टकटच्या कळा एकत्र न दाबता एकामागून एक दाबायची सोय) आणि माउसची बटणं उलटी करणं तिन्हीकडे आहे, हे मान्य. नोमलाही स्वतःची मतं फार. एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लावून वाकवाल, तर नव्या आवृत्तीत त्यातली काही मोडतात. आणि तुमचं पोट फोटोशॉपवर असेल तर आधी तो विचार करा, ते लिनक्ससाठी येतच नाही. नाहीतर पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, इन्स्टॉल नंतर.

दादाचा 'विचार करून दिलेला' डेस्कटॉप उजवा हात धडधाकट असलेल्या माणसासाठी होता. त्या सहा आठवड्यांत तो माणूस मी नव्हतो. प्लास्टर निघून तीन वर्षं होत आली, माझी फुली अजून डावीकडेच आहे.