कोरसमध्ये येतेस तर आधी श्वास

सोलो गाण्याची सवय घेऊन तू ऑपेराच्या कोरसमध्ये येते आहेस, म्हणून आधी श्वासाचं सांगते. व्हर्दीच्या १८४२च्या 'नाबुक्को' या ऑपेरातलं हिब्रू गुलामांचं समूहगान बरंचसं सगळ्यांनी एकच चाल गाण्याचं आहे, आणि शेवटचा स्वर अगदी हलका, लांब धरायचा. तिथे शेजारणीबरोबर श्वास घेऊ नकोस, नाहीतर स्वर तुटतो. ती घेईल तेव्हा तू गात राहा, आणि स्वराच्या मधेच गुपचूप घे. परत स्वरात येतानाही हळूच ये. माझ्या प्रतीत अशा जागा पेन्सिलीने खुणावल्या आहेत, उतरवून घे.

विंगेमागून गाताना मॉनिटरच्या पडद्यावर कंडक्टरचा, म्हणजे वाद्यवृंदाला ताल देणाऱ्याचा, हात बघ. ३० मीटरवरचा वाद्यवृंद ऐकून गायलीस तर आवाज उशिरा पोचतो, हमखास मागे पडशील. तालमीत गळा राखून गा, संध्याकाळी प्रयोग असतो. शब्द मात्र अर्थासकट पाठ हवेत. इटालियन अडलं तर माझ्याकडे ये, आपण मिळून बसू.