त्या वाक्यात ‘फक्त’ नव्हतं

प्रिय,

काल रात्री फोनवर तू एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होतीस. “त्यांनी माझं वाक्य कापलंय. मी ‘फक्त’ म्हणाले होते.” तुझा आवाज चढला होता, मागे कार्यकर्त्यांचा गोंधळ चालला होता, कोणीतरी सकाळीच पत्रकार परिषद घेऊ म्हणत होतं. मी तेव्हा वाद घातला नाही. तुझ्याकडून सभेचं पूर्ण रेकॉर्डिंग मागवलं आणि झोपायच्या आधी तीनदा ऐकलं.

‘फक्त’ नाहीये गं त्यात.

तुझं वाक्य असं आहे : “मदत वाटून भागणार नाही, हाताला काम द्यावं लागेल.” भाषणाच्या कागदावर ‘फक्त मदत वाटून’ असेल, तुझ्या मनात तर होतंच. तोंडून मात्र निघालं नाही. समोरच्यांनी वाक्याचा मागचा अर्धा भाग कापला आणि ‘ही निवडून आली तर तुमची मदत बंद’ असं त्याला जोडून दिलं. हा विपर्यास आहे, त्यात शंका नाही. पण ‘माझा शब्द गाळला’ असं तू आज छातीठोकपणे सांगितलं असतंस, तर संध्याकाळच्या आत कोणीतरी पूर्ण रेकॉर्डिंग बाहेर काढलं असतं. मग ध चा मा त्यांनी केला हे बाजूला राहिलं असतं आणि खोटं बोलणारी तू ठरली असतीस.

म्हणून सगळ्यात आधी हे कर : आपण काय बोललो ते आठवू नकोस, ऐक. आपल्याला आठवतो तो अर्थ असतो, लोकांनी ऐकलेले असतात ते शब्द. एकटीने ऐकू नकोस. तुझ्या भाषणाला हजर नसलेला, राजकारणात फारसा रस नसलेला कोणीतरी शेजारी बसव आणि विचार, “तुला काय कळलं?” तो जे सांगेल त्याला तुला उत्तर द्यायचंय.

उत्तर नेमकं कशाचं द्यायचं हे ठरवताना बहुतेक उमेदवार घसरतात. कधी आपला शब्द चुकलेला असतो आणि म्हणणं बरोबर असतं. कधी म्हणणंच चुकलेलं असतं. कधी दोन्ही ठीक असतात आणि समोरच्याने खोटं रचलेलं असतं. तिन्हीची औषधं वेगळी आहेत, पण घाबरलेला माणूस तिन्हींवर एकच मात्रा देतो : “माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला.” हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वेळा वापरलंय की खरोखर विपर्यास झालेल्यालाही ते आता उपयोगी पडत नाही.

२०१२ साली अमेरिकेत मिट रॉम्नी अध्यक्षपदासाठी उभे होते. देणगीदारांसमोर खासगीत केलेलं त्यांचं बोलणं सप्टेंबरमध्ये बाहेर आलं : ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत आणि त्यांची चिंता करणं माझं काम नाही, अशा अर्थाचं. त्यांनी लगेच सांगितलं की मांडणी नीट झाली नाही. म्हणजे दोष शब्दांवर टाकला, मुद्दा तसाच ठेवला. पण लोकांना शब्द लागलेच नव्हते, मुद्दा लागला होता. ‘मी जे बोललो ते पूर्णपणे चुकीचं होतं’ हे म्हणायला त्यांना ऑक्टोबर उजाडावा लागला. तोवर जवळजवळ अडीच आठवडे गेले होते, आणि निवडणुकीत एवढ्या काळात एखाद्या वाक्याचं माणसाच्या नावाशी लग्न लागून जातं.

त्याच निवडणुकीतलं बराक ओबामा यांचं प्रकरण तुझ्याशी जास्त जुळतं. जुलैतल्या एका सभेत रस्ते आणि पूल यांच्याबद्दल बोलताना ते म्हणाले, ‘तुमचा व्यवसाय असेल, तर ते तुम्ही बांधलेलं नाही.’ ‘ते’ म्हणजे रस्ते आणि पूल की व्यवसाय? आधीची वाक्यं ऐकली तर कळतं, एकटं वाक्य ऐकलं तर उलटंच कळतं. विरोधी पक्षाने आपल्या अधिवेशनात ‘आम्ही बांधलं’ याच घोषणेवर एक दिवस साजरा केला. ओबामा यांनी काय केलं, तर दिवस फार जाऊ न देता थेट कॅमेऱ्याकडे बघून एक छोटी जाहिरात केली : माझे शब्द संदर्भ सोडून वापरले जात आहेत, आणि लोक आपले व्यवसाय स्वतःच उभे करतात, यात काय वाद! व्याकरणाचा तास घेतला नाही. ज्या दुकानदाराला वाईट वाटलं असेल त्याच्याशी ते बोलले.

मला तुझ्याबद्दल सर्वांत जास्त भीती वाटते ती याच ठिकाणी. तू हुशार आहेस, तुला मुद्दा नीट मांडता येतो, आणि अशा माणसाला खुलासा करायची फार हौस असते. २००४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या जॉन केरी यांच्यावर टीका झाली की युद्धावरच्या सैन्यासाठी असलेल्या ८७ अब्ज डॉलरच्या विधेयकाविरुद्ध त्यांनी मत दिलं. केरी उत्तरले, ‘त्याच्या विरोधात मत देण्याआधी मी त्याच्या बाजूने मत दिलं होतं.’ हे खरं होतं! श्रीमंतांची करसवलत कमी करून तो पैसा उभारायचा, अशा मसुद्याला त्यांनी पाठिंबा दिला होता आणि तो फेटाळला गेल्यावर अंतिम विधेयकाला विरोध केला होता. पण कायदेमंडळाच्या आतला तो घटनाक्रम बाहेरच्या माणसाच्या कानाला कोलांटउडीसारखा वाटला. विरोधकांनी तेच वाक्य उचलून जाहिरातीत घातलं. मूळ आरोपापेक्षा उत्तरच महागात पडलं. तू तुझं उत्तर लिहिलंस की त्यातलं प्रत्येक वाक्य सुटं काढून वाच. आगेमागे काही नसताना ते तुझ्या विरोधात वापरता येत असेल, तर ते वाक्य जाऊ दे, कितीही खरं असलं तरी.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. पुष्कळ वर्षं झाली, आणि तो उमेदवार आता राजकारणात नाही. एका सभेत तो म्हणाला, “म्हाताऱ्यांनी आता वाट मोकळी करावी.” रोख होता पक्षात खुर्च्या अडवून बसलेल्या पुढाऱ्यांवर. दुसऱ्या दिवशी बोंब झाली : याने ज्येष्ठांचा अपमान केला. निवेदन लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी रात्री दीडपर्यंत जागून दोन पानं लिहिली आणि सुरुवात केली ती अशी : ‘मी ज्येष्ठ नागरिकांचा कोणताही अपमान केलेला नाही.’ सकाळी वर्तमानपत्रात मथळा आला : ‘ज्येष्ठांचा अपमान केला नाही : उमेदवाराचा खुलासा’. ज्यांना आदल्या दिवशी आरोप माहीतही नव्हता, त्यांच्या घरी तो मी चहाबरोबर पोचवला. एखादं विधान नुसतं पुन्हापुन्हा कानावर पडलं तरी ते माणसाला अधिक खरं वाटायला लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ पासून प्रयोगांनी दाखवलंय. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मथळा बघूनच कळलं.

त्याच दिवशी प्रचारात आम्ही दारोदार फिरत होतो. एका घराच्या उंबऱ्यात एक आजी उभ्या होत्या. त्यांनी त्याला शांतपणे विचारलं, “आम्ही अडवली का रे तुझी वाट?” आणि त्याने खिशातून माझं निवेदन काढलं. वाचून दाखवलं, ‘वक्तव्याचा संदर्भ लक्षात घेता’ वगैरे. आजींनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि दार हळूच लोटून घेतलं. त्या माऊलीला निवेदन नको होतं. “आजी, शब्द चुकला माझा, तुम्हाला नव्हतो बोललो,” एवढं तो म्हणाला असता तर पुरलं असतं. पण त्याच्या खिशात कागद होता आणि तो मी लिहिलेला होता. ते दार मला अजून दिसतं.

तेव्हापासून मी उत्तर लिहायला बसले की विरोधक डोळ्यांपुढे आणत नाही, त्या आजी आणते. विरोधकाचं समाधान तुला कधीच करता येणार नाही. त्याला करून घ्यायचंच नाहीये. तू त्याला उत्तर द्यायला गेलीस की आवाज चढतो, टोमणे येतात, त्याचं जुनं प्रकरण उकरून काढावंसं वाटतं. तुझ्या पोरांनी काल त्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या क्लिप शोधायला घेतल्या ना? थांबव त्यांना. ‘तू तरी कुठे धुतल्या तांदळाचा’ हे ऐकून, मदत बंद होईल म्हणून घाबरलेल्या बाईची धास्ती कमी होत नाही. उलट तिला वाटतं, हिच्याकडे उत्तर नाही.

घाईचंही बोलते, कारण सगळे तुला ‘तासाभरात उत्तर दे’ म्हणून टोचत असतील. घाई करायची ती ऐकायची आणि तपासायची. १८५८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सिनेटच्या जागेसाठी अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या सात जाहीर वादसभा झाल्या. पहिल्या सभेत, २१ ऑगस्टला ऑटावा इथे, डग्लस यांनी काही जहाल ठराव वाचून दाखवले. हे लिंकन यांच्या बाजूच्या लोकांनी १८५४ मध्ये स्प्रिंगफील्डला केले आणि लिंकन त्यात सामील होते, असा त्यांचा आरोप होता. लिंकन यांनी त्या मंचावर जेवढं स्वतःला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं : माझा या ठरावांशी संबंध नाही. मग शोध झाला, तेव्हा कळलं की ठराव स्प्रिंगफील्डचे नव्हतेच, दुसऱ्याच ठिकाणच्या सभेतले होते. सहा दिवसांनी फ्रीपोर्टच्या सभेत लिंकन यांनी हे मांडलं. पण मला आवडतं ते पुढचं. आरोप खोटा निघाला म्हणून ते जिंकल्याच्या थाटात निघून गेले नाहीत. डग्लस यांनी विचारलेल्या सातही प्रश्नांची त्यांनी एकेक करून उत्तरं दिली, आणि मग आपले चार प्रश्न विचारले. ती जागा त्यांना मिळाली नाही, हेही सांगायला हवं. दोन वर्षांनी तेच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

याच्या उलट टोकाला हट्ट. १९७६ च्या निवडणुकीतल्या वादसभेत अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारा पत्रकारही चकित झाला आणि त्याने तिथल्या तिथे पुन्हा विचारून त्यांना सावरायची संधी दिली. फोर्ड यांनी ती घेतली नाही, उलट एकेका देशाचं नाव घेऊन तेच पक्कं केलं. तिथली माणसं मनाने सोव्हिएत सत्तेला शरण गेलेली नाहीत, असं त्यांना म्हणायचं होतं. पण चूक कबूल करायला दिवसच्या दिवस लागले, आणि ते सगळे दिवस त्याच एका वाक्यावर खर्ची पडले.

प्रत्येक टीकेला उत्तर द्यायचं नाही, हे तुला माहीत आहे. माझी कसोटी साधी आहे : प्रवक्ते ओरडतायत की दारात माणसं विचारतायत? नुसते प्रवक्ते असतील तर आपलं काम करत राहा. पण दारात विचारायला लागले तर गप्प राहणं म्हणजे मोठेपणा, असं समजू नकोस. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मायकेल डुकाकिस आधी बरेच पुढे होते. हल्ल्यांना उत्तर द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि हरले. ती आपली मोठी चूक होती असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. तुझ्याकडे काल चार बायकांनी विचारलं म्हणालीस. म्हणजे उत्तर द्यायला हवं, आणि आजच.

माफीबद्दल एकच. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करते’ हे लिहायचं नाही. त्यातल्या ‘तर’चा मला मनापासून राग आहे. दुखावलं की नाही याचा संशय तू ऐकणाऱ्यावरच टाकतेस. चूक नसेल तर माफी मागू नकोस, ताठ मानेने मुद्दा सांग. असेल तर ‘तर’ न लावता माग.

तुझ्यासाठी हे लिहिलंय. आधी ग्वाही, मग कबुली, मग काम, आणि विरोधकाचं नाव कुठेही नाही :

“आज तुमच्या घरात येणारी मदत सुरू राहील. परवाच्या सभेत माझं वाक्य अपुरं राहिलं. ते ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आला त्यांची मी माफी मागते. मला म्हणायचं होतं की मदतीच्या जोडीला घरातल्या एकाच्या तरी हाताला काम हवं. त्यासाठी मी काय करणार ते आता सांगते.”

यापुढे तुझ्या जाहीरनाम्यातल्या रोजगाराच्या दोन गोष्टी सांग, दोनच. पूर्ण रेकॉर्डिंग तूच आधी बाहेर दे, न कापता. आणि बोलायचं ते त्याच जागी, त्याच लोकांपुढे जाऊन, हॉलमध्ये पत्रकारांपुढे बसून नाही.

पाठवण्याआधी मात्र पहिल्या वाक्यापाशी थांब आणि ते मोठ्याने म्हणून बघ. मदत सुरू राहील. तुला हे खरोखर करायचंय ना? काल रागाच्या भरात तू असंही म्हणालीस की या योजनांनी लोक आळशी झालेत. ते नुसतं रागाने निघालं असेल तर विसरून जाऊ. पण ते तुझं मत असेल, तर हे निवेदन तुझं नाही. मग ते फाड आणि मला दहाच्या आत फोन कर. आपल्याला पहिल्यापासून वेगळं बोलावं लागेल.

तुझी,
मावशी