महागाई रोखणं रिझर्व्ह बँकेचं काम आहे, मग त्यात पक्ष आणि लॉबी कुठून येतात?

आयात शुल्कातून. नागपूरच्या कळमना बाजारात सोयाबीन विकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, रेपो दरावर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) तासन्‌तास चर्चा करणाऱ्यांना मात्र दरवेळी सांगावं लागतं.

2016 पासून किरकोळ महागाईचं लक्ष्य 4 टक्के आहे, वर-खाली 2 ची मुभा. पण ही महागाई मोजणाऱ्या, 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता, आणि रेपो वाढवून पामतेल स्वस्त होत नाही. ते शुल्काने होतं, आणि शुल्क सरकार ठरवतं.

2024 चं सोयाबीन बघा. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, बाजार त्याच्या खाली, महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक तोंडावर. सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के झालं, रिफाइंडवरचं 13.75 वरून 35.75. ऑक्टोबरची महागाई 6.21 टक्के निघाली (भाजीपाल्याचा हात त्यात मोठा, हेही खरं). नोव्हेंबरात वाणिज्यमंत्री पीयूष गोयल जाहीरपणे म्हणाले, रिझर्व्ह बँकेने व्याजदर उतरवावेत. तेल महाग करायचं आणि वर स्वस्त व्याजही मागायचं! मतदान 20 तारखेला होतं. 15 तारखेला सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के झाली.

तरी भाव हमीभावाखालीच. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 किलो, ढेप (तेल काढल्यावर उरणारी पेंड) 80 च्या आसपास. शुल्क तेलावर लावलं, आणि इथेनॉल कारखान्यांचा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात घुसल्याने ढेपेला उठाव नव्हता. गिऱ्हाइकाने जास्तीचे मोजलेले पैसे शेतापर्यंत आलेच नाहीत.

मग 30 मे 2025 ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचं शुल्क 16.5 टक्क्यांवर आणलं. रिफाइंडचं 35.75 तसंच ठेवलं. दोन्हींतलं अंतर वाढवा, म्हणजे तयार रिफाइंडपेक्षा कच्चं तेल आणून इथे शुद्ध करणं परवडेल, ही रिफायनरीवाल्यांची जुनीच मागणी. त्यांची संघटना बाराही महिने दिल्लीत असते, सोयाबीनवाला मतदानाच्या आधी दोन महिने आठवतो.

आणि "हे फक्त याच सरकारात होतं" म्हणणाऱ्यांनी मार्च 2012 आठवावा. तेव्हाच्या सरकारने कापसाची निर्यात बंद केली, खुद्द कृषिमंत्री शरद पवारांनी विरोध केला, आणि आठवड्याभरात बंदी मागे घेतली. सूतगिरण्यांना स्वस्त रुई पक्ष बघून लागत नाही.

रेपो निरुपयोगी आहे असं नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये तो 4 वरून 6.5 टक्के झाला, घरकर्जाचे हप्ते वाढले, मागणीला लगाम बसला. पण डाळ-तेल-कांद्याचा अंदाज बांधायचा असेल तर पतधोरणाच्या तारखेआधी सीमाशुल्काची अधिसूचना वाचा, आणि तिची तारीख पेरणी, काढणी आणि मतदानाच्या तारखांशेजारी लिहून ठेवा.